टपाल आपले, किल्ली परक्याची

युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी रशियाविरुद्ध निर्बंधांचा जो अठरावा संच जाहीर केला, त्यात गुजरातमधील वाडीनारच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा समावेश होता. हा कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीत रशियाच्या रॉसनेफ्टचे सुमारे ४९ टक्के भागभांडवल आहे. निर्बंध युरोपचे, कारखाना भारतभूमीवर, कंपनी भारतीय कायद्याखाली नोंदलेली. आणि तिला ई-मेलची सेवा पुरविणारी मायक्रोसॉफ्ट अमेरिकेची. तरीही काही दिवसांतच नायराच्या कर्मचाऱ्यांची टपालसेवा बंद पडली. शुल्क पूर्ण भरलेले असताना आपल्याच माहितीपासून आपल्याला तोडण्यात आले, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ३० जुलैला सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळात मुंबईच्या रेडिफकडून तात्पुरती सोय करून घेण्याची पाळी कंपनीवर आली. म्हणजे एका घरमालकाने कुलूप लावले, म्हणून दुसऱ्याकडे बिऱ्हाड हलवले.

प्रकरण मिटले, प्रश्न मात्र मिटलेला नाही. एके काळी कचेरीची आवक-जावक नोंदवही लाकडी कपाटात असे आणि कपाटाची किल्ली हेडक्लार्कच्या खिशात. आज तीच नोंदवही, करारांचे मसुदे आणि बिलांच्या तक्रारींसह, दूरच्या कोणा कंपनीच्या यंत्रात असते. तेव्हा टपाल आपल्याच सर्व्हरवर का ठेवू नये, असे एखाद्या कंपनीच्या संचालकांनी विचारले तर त्यात नवल नाही.

तत्त्वतः यात अशक्य काही नाही. जोनाथन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये ई-मेलच्या देवघेवीचे नियम शब्दबद्ध केले, तेव्हा कोणतेही यंत्र कोणत्याही यंत्राला पत्र देऊ शकेल हेच गृहीत होते. ‘अमुक नावाचे टपाल अमुक यंत्राकडे द्यावे’ अशी एक नोंद जगभरच्या नावनोंदणीत असते. ती बदलली की पत्रांचा ओघ वळतो. बदल सर्वत्र पोचेपर्यंत काही तास जुने व नवे अशी दोन्ही यंत्रे चालू ठेवावी लागतात. घेणारे यंत्र बंद आढळले तर पाठवणारे साधारणतः चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करते. त्यामुळे दिवसभर खोळंबा झाला तरी सहसा पत्र गहाळ होत नाही. जुनी पत्रे नव्या जागी उतरवून घेणे हे काम वेळखाऊ असले, तरी विशेष अवघड नव्हे.

खरी अडचण येते ती पत्र पाठविताना. नव्या सर्व्हरला समोरचा ओळखत नाही, आणि अनोळखी पाहुण्याला उंबऱ्याबाहेर उभे करण्याची आता रीतच पडली आहे. कोणत्या यंत्राला या नावाने पत्र धाडण्याचा अधिकार आहे हे सांगणारी एसपीएफ नोंद, पत्रावरची डीकेआयएम ही सही, आणि सही जुळली नाही तर काय करावे हे सांगणारी डीमार्क नोंद, ही ओळखपत्रे तयार ठेवावी लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे दिवसाला ५ हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना तर गूगलने या तिन्ही सक्तीच्या केल्या. एवढे करूनही पत्र नकोशा टपालाच्या ढिगात पडू शकते. खुल्या नियमांवर उभ्या असलेल्या या टपालाचे दरवान आज दोन-चार बड्या कंपन्या होऊन बसल्या आहेत, याची खंत वाटायला हवी.

आणि घराची राखण? २ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्स्चेंज सर्व्हरमधील चार गंभीर उणिवा जाहीर केल्या. तोवर घुसखोर आत शिरले होते. नॉर्वेची संसद आणि युरोपीय बँकिंग प्राधिकरण यांनाही झळ बसली. बळी पडले ते संस्थांनी स्वतःच्या जागेत चालविलेले सर्व्हर. मायक्रोसॉफ्टच्या केंद्रांतून चालणारी सेवा सुरक्षित राहिली. रात्री दोन वाजता दुरुस्ती बसविणारा माणूस पगारावर नसेल, तर स्वतःच्या सर्व्हरचा हट्ट म्हणजे आगीतून फुफाट्यात.

उत्तर जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने ही उठाठेव मोठ्या प्रमाणावर केली. ४० हजारांहून अधिक टपालपेट्या आणि दहा कोटींवर पत्रे व दिनदर्शिकेतील नोंदी त्याने मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवरून ओपन-एक्स्चेंज या खुल्या प्रणालीवर आणल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये काम संपले. त्याला सहा महिने लागले. त्याच देशातील म्युनिक शहराने मात्र २००३ मध्ये आपले संगणक खुल्या प्रणालीवर नेण्याचे ठरवून २०१७ मध्ये पुन्हा विंडोजची वाट धरली. राज्यकर्त्यांची चिकाटी हाही तंत्राचाच भाग असतो.

ज्यांच्याकडे माणसे आहेत, त्या बँका, विद्यापीठे आणि मोठे कारखाने यांनी स्वतःचा सर्व्हर जरूर चालवावा. तालुक्याच्या पतसंस्थेने किंवा शाळेने त्या भानगडीत पडू नये. परंतु छापील पत्रशीर्षावर मोठ्या दिमाखात मिरविणारा जीमेलचा पत्ता तरी बदलावा. स्वतःच्या नावाचा पत्ता असला तर सेवा देणारा उद्या बदलता येतो. पत्ताच त्याचा असला तर येत नाही. सर्व पत्रांची एक प्रत दरमहा आपल्या कपाटात उतरवून ठेवणे हेही फार खर्चाचे नाही. आणि नावाचे वार्षिक शुल्क कोणी, कोणत्या तारखेला भरायचे, याची नोंद हेडक्लार्कच्या रजिस्टरात असावी. एकट्या संगणक-शिक्षकाच्या खासगी खात्यात नव्हे.