परदेशस्थाचा शिधा व बाजारभाव : रत्नागिरीतील दोन उदाहरणे

एखादे गाव महाग आहे की स्वस्त आहे, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. बाजारातील भावांची नोंद करावी, दुसऱ्या गावच्या भावांशी ती ताडून पाहावी, म्हणजे उत्तर हाती येईल अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्याचा जन्म एका देशात झाला व ज्याला वाणसामान मात्र दुसऱ्या देशात घ्यावे लागते, अशा माणसाच्या बाबतीत हा प्रश्न एकाएकी अवघड होऊन बसतो. बाजार एकच, दुकानही एकच. तरीही स्थानिक माणसाला पडणारा भाव आणि परदेशस्थाला पडणारा भाव ह्यांत अंतर राहते. हे अंतर कोठून येते व ते मोजावे कसे, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी रत्नागिरीतील दोन उदाहरणे घेतली आहेत. एक इतिहासातील असून ते ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा ह्याच्या कुटुंबाचे आहे. दुसरे आजचे असून ते आंब्याच्या बागांत व मच्छीमार नौकांवर काम करणाऱ्या नेपाळी मजुरांचे आहे.

१. तात्त्विक भूमिका

दोन ठिकाणच्या भावांची तुलना करावयाची तर प्रथम जिनसांची एक यादी ठरवावी लागते. ही यादी कोणाची घ्यावयाची, येथेच सर्व अडचणीचे मूळ आहे. लास्पेयर ह्याने १८७१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मूळ यादी कायम धरतात. पाशे ह्याने १८७४ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत नवी यादी धरतात. निर्देशांकांच्या अभ्यासात हा भेद बहुधा दोन काळांच्या संदर्भात शिकविला जातो. दोन स्थळांच्या संदर्भात त्याचे परिणाम अधिक तीव्र होतात. कारण दहा वर्षांत माणसाचे जेवण जेवढे बदलत नाही, तेवढे समुद्र किंवा पर्वत ओलांडताच बदलावे लागते.

केवळ स्पष्टीकरणासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. मायदेशी ‘अ’ ह्या जिनसाचा भाव १० रुपये व ‘ब’ ह्या जिनसाचा भाव २० रुपये आहे. परदेशी हेच भाव उलटे, म्हणजे ‘अ’ २० रुपये व ‘ब’ १० रुपये आहेत. मायदेशी एका कुटुंबास ‘अ’चे ८ नग व ‘ब’चे २ नग लागत; खर्च १२० रुपये. तीच यादी घेऊन ते परदेशातील बाजारात गेले तर खर्च १८० रुपये होतो. म्हणजे परदेश दीडपट महाग ठरला. आता त्या कुटुंबाने नव्या स्थळाची रीत पत्करली आणि ‘अ’चे २ नग व ‘ब’चे ८ नग घेण्यास प्रारंभ केला असे मानू. ह्या यादीचा परदेशातील खर्च १२० रुपये. मायदेशी तिलाच १८० रुपये पडले असते. ह्या हिशेबाने परदेश एकतृतीयांशाने स्वस्त ठरतो. पहिला निर्देशांक १५०, दुसरा सुमारे ६७. फिशर ह्याने १९२२ मध्ये पुरस्कारिलेला ‘आदर्श’ निर्देशांक ह्या दोहोंचे भूमितीय मध्य काढतो व तो बरोबर १०० येतो. गणिताचे समाधान झाले. परंतु जेवणाऱ्याचे झाले की नाही, हे त्यावरून समजत नाही. आवड सोडून देण्याची किंमत कोणत्याही भावपत्रकात नोंदलेली नसते.

ही किंमत काल्पनिक नाही, हे डेव्हिड ॲटकिन ह्या अर्थशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनावरून दिसून येते. भारतात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या कुटुंबांचा राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे त्याने अभ्यास केला. अन्नावर सारखाच पैसा खर्च करूनही ह्या कुटुंबांच्या पदरात शेजारच्या स्थानिक कुटुंबांपेक्षा कमी उष्मांक पडतात, असे त्यास आढळले. कारण जन्मस्थळीचे आवडते धान्य नव्या ठिकाणी महाग असले तरी ती कुटुंबे ते सोडीत नाहीत. पती व पत्नी दोघेही बाहेरून आलेली असतील तर ही तूट अधिक असते. एकाच देशात जर असे घडते, तर देशाची सीमा ओलांडणाऱ्याबद्दल वेगळे सांगावयास नको.

२. थिबा राजाचे कुटुंब : १८८६ ते १९१९

नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले इंग्रजांच्या हाती पडले व थिबा राजास प्रथम मद्रासला व नंतर एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. त्याच्याबरोबर राणी सुपयालत, धाकटी राणी, राजकन्या व काही सेवक होते. चौथी राजकन्या १८८७ मध्ये रत्नागिरीतच जन्मली. आज ‘थिबा पॅलेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्यात हे कुटुंब १९१० मध्ये राहावयास गेले. डिसेंबर १९१६ मध्ये राजाचा मृत्यू झाला व १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतले.

ह्या कुटुंबाच्या दृष्टीने रत्नागिरीचा बाजार कसा होता? वरकरणी पाहता तो फारसा परका नव्हता. ब्रह्मी जेवणाचा पाया भात व मासळी हा आहे आणि कोकणी जेवणाचाही तोच आहे. परंतु ब्रह्मी जेवणास ज्यामुळे ब्रह्मीपण येते, ते आंबविलेल्या मासळीचे ‘ङापी’ व मुरवलेल्या चहापाल्याचे ‘लफे’ हे जिन्नस कोकणच्या बाजारातील नव्हेत. सुकट व जवळा येथे मुबलक. पण सुकविणे वेगळे व आंबविणे वेगळे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर यादीतील वजनाने मोठा असलेला भाग स्थानिक बाजारातून सहज भागविता येतो, आणि वजनाने अल्प परंतु रुचीने निर्णायक असलेला भाग कोणत्याही भावाने मिळत नाही. जो जिन्नस बाजारात नाही त्याचा भाव किती धरावा? निर्देशांकाच्या सूत्रात त्याला जागा नाही. हिशेबनीस तो रकाना कोरा सोडतो व त्यामुळे परदेश आहे त्याहून स्वस्त दिसू लागतो.

स्थळाची अडचण ह्यात भर घालणारी होती. रत्नागिरी जिल्हा धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण नव्हता. मुंबईत कामाला गेलेल्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर येथील कित्येक घरे चालत. बाहेरचा माल मुख्यतः समुद्रमार्गे येई व पावसाळ्यात बंदर बंद पडे. आगोटीपूर्वीच पावसाळ्याची बेगमी करून ठेवण्याची कोकणी घरांची रीत ह्याच परिस्थितीतून आली आहे. मिठापासून सुक्या मासळीपर्यंत सर्व काही ज्येष्ठापूर्वी घरात येऊन पडले पाहिजे, हे येथील गृहिणीस उपजत माहीत असते. नवख्यास ते माहीत नसते व माहीत झाले तरी एकदम मोठी खरेदी करण्यास हाती रोख रक्कम लागते.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रह्मदेश हा जगातील अग्रगण्य तांदूळ निर्यातदार होता व हिंदुस्थान हे त्याचे एक मोठे गिऱ्हाईक होते. तथापि तांदूळ पिकविणारा इरावतीच्या मुखाकडील प्रदेश १८५२ मध्येच इंग्रजांकडे गेला होता. थिबाचे राज्य उत्तरेकडील, स्वतःच दक्षिणेच्या तांदळावर काही अंशी अवलंबून असलेले होते. म्हणजे धान्यासाठी दुसऱ्याच्या बंदराकडे पाहणे हे राजाच्या नशिबी मंडालेतही होते आणि रत्नागिरीतही आले.

राजाच्या उत्पन्नाचा प्रश्न वेगळा होता. तनखा सरकार ठरवी व खर्चावर अधिकाऱ्यांची देखरेख असे. तो अपुरा पडत असल्याची राजाची तक्रार असे. बरोबर आणलेली जडजवाहीर टप्प्याटप्प्याने विकली गेली व कर्जही झाले. ह्यात राजाच्या खर्चिकपणाचा भाग किती व भावांचा किती, हे वेगळे करणे सोपे नाही. परंतु त्या काळी हिंदुस्थानात भाव चढत होते, ही गोष्ट निर्विवाद आहे. ह्या भाववाढीची सरकारला चौकशी करावी लागली व के. एल. दत्त ह्यांचा अहवाल १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याखेरीज दर्जाचा म्हणून एक भाव असतो. सेवकांचे पोट, धर्मकृत्ये, दानधर्म हे राजाच्या यादीतील जिन्नस होते. सरकारी हिशेबनिसाच्या यादीत ते कितपत होते, हाच वादाचा विषय होता. वाद रुपयांचा दिसत असला तरी तो वास्तविक यादीचा होता.

३. नेपाळी मजूर

आता दुसरे उदाहरण. हापूसच्या कलमांना मोहोर येण्याच्या सुमारास नेपाळी मजूर रत्नागिरी जिल्ह्यातील बागांत दाखल होतात. राखण, फवारणी, आंबे उतरविणे ही कामे करून पावसाच्या तोंडावर परततात. काही कुटुंबे वर्षभर बागेतच राहतात. मिरकरवाडा बंदरातील नौकांवर खलाशी म्हणूनही ते काम करतात. गावकरी त्यांना सरसकट ‘गुरखे’ म्हणतात. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारानुसार उभय देशांच्या नागरिकांना परस्परांच्या देशात राहण्याची व काम करण्याची मोकळीक आहे. कायद्याने ते परदेशी आहेत. व्यवहारात सीमा खुली आहे.

ह्या मजुराला पडणाऱ्या भावाचे चार घटक सांगता येतात.

पहिला घटक आवडीचा. डाळ, भात, भाजी हे त्याचे जेवण येथे भागते. परंतु मोहरीचे तेल कोकणी स्वयंपाकात जवळजवळ नाही, म्हणून ते थोडे येते व लहान बाटल्यांतून विकले जाते. येथे मुबलक असलेले नारळ व कोकम त्याच्या सवयीचे नाहीत.

दुसरा घटक अंतराचा. बाग बहुधा गावाबाहेर, कातळावर किंवा डोंगरउतारावर असते. जाण्यायेण्याचा वेळ व भाडे हा जिनसाच्या भावाचाच भाग होय. त्यामुळे जवळच्या वाण्याकडून थोडेथोडे घेणे भाग पडते व किरकोळ खरेदीचा दर नेहमीच चढा असतो.

तिसरा घटक ओळखीचा. कोकणातील वाण्याच्या दुकानात उधारी हे कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेचे एक अंग आहे. घराणे ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकास वही उघडून मिळते. हंगामी परक्याचा जामीन बागायतदार झाला तरच त्याला उधारी मिळते. मग दुकान बदलण्याचे स्वातंत्र्यही त्याच्या हाती राहत नाही. जेथे बागायतदार अथवा नौकामालक शिधाच पुरवितो, तेथे भाववाढीची झळ मजुरास लागत नाही. मात्र काय जेवावयाचे हे दुसरा ठरवितो.

चौथा घटक सर्वांत महत्त्वाचा. तो हक्काचा होय. शिधापत्रिका भारतीय नागरिकासाठी असते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ ह्याखालील प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते व १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य दिले जाते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही व्यवस्था २०२२ मध्ये सर्व राज्यांत लागू झाल्यापासून बिहारमधून आलेला मजूर आपला वाटा रत्नागिरीतही उचलू शकतो. त्याच बागेत, त्याच मजुरीवर काम करणाऱ्या नेपाळी मजुरास मात्र किलोकिलोचा बाजारभाव द्यावा लागतो. पाच माणसांच्या कुटुंबात हा फरक दरमहा २५ किलो धान्याचा होतो. आवड, अंतर व ओळख ह्यांनी पडणारी तफावत काळ व सवय ह्यांनी कमी होऊ शकते. हक्काची तफावत त्यांनी कमी होत नाही.

४. चलन व बचत

नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून एका भारतीय रुपयास १.६० असा बांधलेला आहे. ह्यावरून येथे मिळविलेला पैसा तेथे दीडपटीहून अधिक होतो, असे सरसकट म्हटले जाते. हा भ्रम आहे. आकडा वाढला तरी तेथील भावही नेपाळी रुपयातच मोजले जातात. खरा लाभ विनिमयदरात नसून तेथील व येथील खऱ्या भावांच्या तफावतीत असतो.

परंतु बचत घरी पाठविणाऱ्याच्या मनात प्रत्येक जिनसाला दोन भाव असतात. रत्नागिरीत खाल्लेल्या मासळीचा एक भाव दुकानदाराने सांगितलेला. दुसरा, त्याच पैशात घरी काय आले असते हा. अन्नावरील खर्चाचे प्रमाण गरिबीबरोबर वाढते, हा एंगेल ह्याने १८५७ मध्ये मांडलेला नियम सर्वपरिचित आहे. परदेशस्थ मजुराच्या बाबतीत हे प्रमाण फसवे ठरते. तो अन्नावर कमी खर्च करताना आढळला तर त्याची स्थिती बरी आहे असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल; त्याने पोटाला चिमटा घेतला आहे, हे अधिक संभवनीय आहे. रत्नागिरीतून आखाती देशांत गेलेल्या माणसांनाही हाच दुहेरी हिशेब करावा लागतो. तेथे तेच परदेशी असतात.

५. निष्कर्ष

वरील दोन उदाहरणांत एक राजा आहे व दुसरा राखणदार. एकाला बचत पाठविण्यास घर उरले नव्हते. दुसऱ्याचे सर्व लक्ष घराकडेच लागलेले असते. तरीही दोघांच्या बाबतीत एकच गोष्ट सिद्ध होते. परदेशस्थाचा भाव हा बाजाराचा गुणधर्म नसून बाजार, यादी व हक्क ह्या तिहींच्या संयोगाचा गुणधर्म आहे. ग्राहक किंमत निर्देशांकाची यादी स्थानिक कुटुंबांच्या सरासरी खर्चावर आधारलेली असते. तिच्यात परक्याचे जेवण प्रतिबिंबित होत नाही.

ह्यास्तव अशा समूहांची पाहणी करताना तीन गोष्टींची स्वतंत्र नोंद होणे अगत्याचे आहे. पहिली, कुटुंब मायदेशी काय खात असे व येथे काय खाते, अशा दोन याद्या. दुसरी, जे जिन्नस मिळतच नाहीत त्यांची नावे. भाव नाही म्हणून ते गाळता कामा नयेत. तिसरी, खरेदी रोखीची की उधारीची, खुल्या बाजारातील की शिध्याची, हा भेद. एवढे केले तर एकाच दुकानात, एकाच दिवशी, एकाच तराजूने तोललेल्या तांदळाचे दोन माणसांना दोन भाव कसे पडतात, ह्याचा उलगडा आकड्यांतूनच होऊ शकेल.