पाऊल ठेवण्यापूर्वी भूमीला नमस्कार

आश्विन शुद्ध प्रतिपदेची पहाट. बालाघाटच्या डोंगरउतारावरील गवत दवाने ओले झालेले असते. बीड जिल्ह्यातील गावोगावी या प्रहरी एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. घरातील कर्ता पुरुष शेताच्या बांधावर जातो, भूमीला हात लावून नमस्कार करतो आणि पाटीभर काळी माती घेऊन घरी परततो. गृहिणी ती माती चाळून पत्रावळीवर पसरते. मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट बसतो. भोवती गहू, ज्वारी, हरभरा, करडई, जवस असे धान्य पेरले जाते आणि नंदादीप उजळतो. आदिशक्तीची स्थापना होते ती शेतातल्या मातीवर, ही गोष्ट वाचकांनी क्षणभर ध्यानात घ्यावी.

नवरात्राचा उपवास, माळ, आरती यांविषयी दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. आज आम्हांला त्या मातीविषयी लिहावयाचे आहे, आणि तिच्याशी आपला जो नित्याचा संबंध असावा असे पूर्वजांनी ठरवून दिले त्याविषयीही.

देह आणि पंचमहाभूते

याच जिल्ह्यातील अंबाजोगाई हे जगदंबा योगेश्वरीचे स्थान. येथे आश्विनातील नवरात्र साजरे होतेच, शिवाय मार्गशीर्षात देवीचा मोठा उत्सव भरतो. विवेकसिंधुकार मुकुंदराजांची समाधी याच परिसरात आहे. त्या ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा सांगितला जातो. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत दासोपंत याच गावी राहिले. त्यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडी पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पाच महाभूतांपासून सृष्टी व देह कसा घडतो, हा त्या शास्त्राचा विषय. संतांनी देहाला तुच्छ लेखले, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. परंतु अंगावर पांघरावयाच्या वस्त्रावर देहाच्या घडणीचा विचार लिहून ठेवणाऱ्या सत्पुरुषाने देहाकडे किती बारकाईने पाहिले असेल!

अंबाजोगाईहून थोड्याच अंतरावर परळी. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या तेथील वैजनाथाची गणना महाराष्ट्रातील भाविक बारा ज्योतिर्लिंगांत करतात. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी यांना देवांनी याच लिंगात लपविले, अशी कथा आहे. वैद्यांचा नाथ तो वैद्यनाथ. भाविकाने लिंगाला हात लावून दर्शन घ्यावे, अशी येथील परंपरा. आरोग्य आणि उपासना यांची ताटातूट आपल्या परंपरेने कधी केली नाही, याची ही साक्ष होय.

अनवाणी व्रताची एक कथा

हे सारे आम्हांला पुस्तकांतून ठाऊक होते. त्याचा अर्थ कळला तो मात्र घरातल्या एका प्रसंगाने.

आमच्या मातोश्रींनी लग्न झाल्यापासून नवरात्रात अनवाणी राहण्याचे व्रत पाळले होते. उतारवयात त्यांना मधुमेह जडला, तरी व्रत सुटले नाही. एका वर्षी पाचव्या माळेला त्या देवीचे दर्शन घेऊन घरी आल्या. रात्री पाय धुण्यासाठी बसल्या असता फरशीवर रक्ताचे डाग पडलेले सुनेने पाहिले. तळव्यात बाभळीचा काटा रुतून मोडला होता आणि मातोश्रींना त्याची जाणीवही नव्हती. ती जखम चिघळली. तीन महिने औषधोपचार झाले आणि अखेर पायाचे एक बोट गमवावे लागले.

पुढील वर्षी घटस्थापनेच्या दिवशी त्यांनी चपला पुन्हा उंबऱ्याशी काढून ठेवल्या. आम्ही रागावलो, विनवण्या केल्या. त्या एवढेच म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षांचा नेम आहे रे. आता शेवटी मोडू?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर दिले ते आमच्या घरी पूजा सांगणाऱ्या वृद्ध गुरुजींनी. ते म्हणाले, "आईसाहेब, भूमीचा स्पर्श घडावा हाच नेम ना? मग पाय थकले तर हात आहेत. रोज सकाळी घटाच्या मातीवर तळहात ठेवा. देवीला तेवढेच पोहोचते."

मातोश्रींनी तो दिवसभर कोणाशी फारसे भाषण केले नाही. दुसऱ्या माळेला पहाटे आम्ही पाहिले, तो पायांत मऊ सपाता घालून त्या घटासमोर पाटावर बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात मातीवर होता.

रोजचा साधा नेम

त्या दिवसापासून आमच्या घरी काही साधे नेम सुरू झाले. त्यांत नवे असे काही नाही, आणि खर्चही नाही.

पहिला नेम जागे होतानाचा. डोळे उघडताच अंथरुणात उठून बसावे, तळहातांचे दर्शन घ्यावे आणि पाऊल टेकण्यापूर्वी भूमीला हात लावून क्षमा मागावी. जिच्यावर दिवसभर पाय द्यावयाचा तिची ही अनुज्ञा. निजलेला मनुष्य एकदम उभा राहिला तर रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते, वृद्धांना तर विशेषच. दोन मिनिटे बसून, सावकाश श्वास घेऊन उठणे हितकर, असे डॉक्टरही सांगतात. तेव्हा हा नेम देहालाही साह्य करणारा आहे.

दुसरा नेम अंगणाचा. सडा, रांगोळी, तुळशीला पाणी आणि प्रदक्षिणा. ज्यांचे पाय निरोगी आहेत त्यांनी स्वच्छ अंगणात थोडा वेळ अनवाणी चालावे. घर चौथ्या मजल्यावर असेल तर कुंडीतल्या मातीला हात लावावा. ती मातीही भूमातेचाच अंश होय.

तिसरा नेम भोजनाचा. दिवसातून एकदा तरी जमिनीवर मांडी घालून जेवावे व शक्य तर आधार न घेता उठावे. ब्राझील देशात ५१ ते ८० वर्षे वयाच्या २००२ स्त्री-पुरुषांची अशी बसण्या-उठण्याची परीक्षा घेऊन पुढे काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना उठबस करताना हातागुडघ्यांचा आधार अधिक लागला, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. केवळ जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते, असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र सांध्यांची लवचिकता, पायांतील बळ आणि तोल ही देहाची पुंजी आहे, एवढे निश्चित. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पाटावर किंवा खुर्चीवर बसून अन्नाला नमस्कार करावा. देव त्यांच्यावर रुसत नाही.

चौथा नेम सायंकाळचा. दिवेलागणीपूर्वी पाय धुवावेत, कोरडे करावेत, देवापुढे दिवा लावावा. निजण्यापूर्वी तळव्यांना तेल चोळावे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत मस्तक, कान आणि पाय यांच्या अभ्यंगाला विशेष महत्त्व दिले आहे. तेल चोळताना तळवे नीट पाहिलेही जातात. भेग, फोड वा काटा वेळीच ध्यानात येतो. आमच्या मातोश्रींचे पाय पुढे सून रोज पाहू लागली. एरवी दोघींत फारसे बोलणे होत नसे. त्या पावघटकेत मात्र गप्पा रंगू लागल्या.

विवेकाचे दोन शब्द

अनवाणी चालल्याने सर्व रोग बरे होतात, असे अलीकडे कोठे कोठे सांगितले जाते. त्यावर परदेशांत काही लहान प्रयोग झाले आहेत, पण निर्णायक पुरावा नाही. उलट, मलमूत्राने दूषित झालेल्या मातीत अंकुशकृमी असतात. ते उघड्या पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि रक्तक्षय घडवितात. चरकसंहितेने पादत्राणे वापरणे हितकर म्हटले आहे, हे किती जणांस ठाऊक असते? मधुमेह्यांनी तर वैद्यांना विचारल्यावाचून अनवाणी व्रत धरूच नये.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दसरा-दिवाळीनंतर आपल्याच जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी परमुलखात जातात. त्यांचे पाय वर्षातील निम्मा काळ मातीतच असतात. त्यांना भूमिस्पर्शाचे महत्त्व सांगणे हे आम्हांला शोभणार नाही. त्यांच्या पायांत धड जोडा असावा, रात्री पाय धुण्यास पाणी आणि भेगांना तेल मिळावे, ही चिंता आपण वाहिली तर तीही देवीची पूजाच ठरेल.

घटातील अंकुर

नवरात्रात घटाला पाणी घालणे ही नाजूक गोष्ट असते. पाणी अधिक झाले तर बी कुजते, कमी झाले तर सुकते. रोज थोडे, रोज वेळेवर, हाच नियम. शेतकरी त्या अंकुरांवरून येत्या रब्बीचा अंदाज बांधतो आणि दसऱ्याला ते टोपीत खोवतो. साधनेचेही तसेच आहे. एका दिवशी शंभर नमस्कार घालून वर्षभर स्वस्थ बसण्यापेक्षा रोज एकदा भूमीला हात लावणारा मनुष्य पुढे जातो.

मातोश्री आता नाहीत. त्यांच्यामागे सूनबाई पहाटे घटाच्या मातीवर हात ठेवतात, आणि शेजारी बसून नात त्यांचे पाहून आपला लहानसा तळवा टेकविते. यंदा आपल्या घरी घट बसेल तेव्हा वाचकांनीही माळ चढविण्यापूर्वी क्षणभर त्या मातीला स्पर्श करावा. आई योगेश्वरी आणि प्रभू वैद्यनाथ आपणां सर्वांस आरोग्य व सद्बुद्धी देवोत, ही प्रार्थना.