तीन इच्छांची अंगठी

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यातून एक अंगठी चोरीला गेली. वाचकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. ती सोन्याची नव्हती, चांदीची नव्हती. खरे सांगायचे तर ती कशाचीच नव्हती. आमच्या चिरंजिवांच्या वहीत एका ओळीत तिची नोंद होती, एवढेच तिचे अस्तित्व. पण त्या चोरीपायी एक मुलगा आमच्या जिन्यावरून ताडताड उतरून गेला आणि पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या दोन मित्रांचे बोलणे बंद झाले.

चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. दर रविवारी दुपारी त्यांचे चार मित्रमैत्रिणी आमच्याकडे जमत आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळत. टेबलावर फासे पाहून मला प्रथम भलतीच शंका आली. मराठीच्या प्राध्यापकाला फासे म्हटले की शकुनीच आठवायचा! पण या खेळात पैसा लागत नाही, पट लागतोच असे नाही आणि कोणी जिंकतही नाही. एक जण सूत्रधार होतो. तो एक जग रचतो, त्यातली गावे, राजे, राक्षस यांची बाजू सांभाळतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी वैद्य. "समोर दरी आहे, पूल मोडका आहे, काय करता?" असे सूत्रधार विचारतो. खेळाडू काय करणार ते सांगतात आणि साधेल की नाही याची शंका असेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकतात. गोष्ट अशी महिनोन् महिने चालते. थोडक्यात, कीर्तनात श्रोत्यांनीच मधे उठून आख्यानाची दिशा बदलावी, तसला प्रकार.

खेळ अमेरिकेतला. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली तीन पुस्तिकांच्या रूपाने एका पेटीत घालून विकायला काढला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. आपल्याकडे कवितासंग्रहाची आवृत्ती निघते तेवढी! पुढे तो जगभर गेला आणि अखेर आमच्या टीपॉयवर आला.

आता अंगठीकडे वळतो. चिरंजीव सूत्रधार. गणपतीच्या सुट्टीत कसल्याशा भुयारातून वीर सुखरूप बाहेर पडले, तेव्हा उत्साहाच्या भरात त्यांनी आपल्या जिवलग मित्राच्या योद्ध्याला तीन इच्छांची अंगठी देऊन टाकली. खेळाच्या पुस्तकात ही अंगठी अगदी दुर्मिळ वर्गातली. वीरांची प्रगती वीस पायऱ्यांची. इच्छापूर्तीचा मंत्र मांत्रिकाला सतराव्या पायरीवर मिळतो आणि आमची ही मंडळी होती पाचव्या पायरीवर. पगार सुरू होण्याआधीच ग्रॅच्युइटी हातात पडावी, तसे झाले.

मित्राने पहिली इच्छा पुढच्याच रविवारी वापरली. "तो काळा मांत्रिक आत्ताच्या आत्ता मरू दे." झाले! ज्या मांत्रिकासाठी चिरंजिवांनी तीन महिने जागून शंभर पानी वही भरली होती, तो बसल्या जागी मेला. चिरंजीव ओशाळे हसले आणि "ठीक आहे" म्हणाले. त्यानंतर खेळाचा रंगच गेला. अडचण आली की सगळे त्या मित्राकडे पाहत. तो अंगठी वापरी असे नाही, पण वापरू शकतो हे पुरेसे होते. एकदा मी स्वयंपाकघरात गेलो तर त्यांच्यातली चष्मेवाली मुलगी गॅसपाशी उभी. तिचे पात्र वैद्याचे. "काका, चहा मी करते. तसंही तिकडे मला काम काही नाही," असे ती म्हणाली. ते तिने हसून म्हटले, पण त्या रविवारी तिने फासा एकदाही हातात घेतला नव्हता, हे मी पाहिले होते.

चिरंजीव हवालदिल झाले आणि धनत्रयोदशीला त्यांनी वहीतून वाचून दाखवले, की वीर रात्री रानात झोपले, सकाळी उठून पाहतात तो अंगठी नाही; कोणी चोर ती घेऊन गेला.

"पहाऱ्यावर मी होतो," मित्र म्हणाला. "मला फासा टाकायला का नाही सांगितलास?"

"तुला झोप लागली."

"कुणी ठरवलं?"

याला उत्तर नव्हते. त्याने आपले फासे पिशवीत घातले, पिशवी खिशात घातली आणि तो निघून गेला. फराळाची बशी तशीच राहिली.

आता दोन्ही घरांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ असा की लक्ष्मीपूजनाला आमच्याकडच्या चकल्या त्यांच्याकडे जायच्या आणि त्यांच्याकडचे अनारसे आमच्याकडे यायचे. डबा नेणार कोण, यावर यंदा घोडे अडले. सौ.ने दोनदा डबा भरला आणि दोनदा फळीवर ठेवला. पाडवा झाला, भाऊबीज आली. नसलेल्या अंगठीपायी असलेले अनारसे अडकले!

मला सुट्टी होती. चिरंजिवांची पुस्तके उचलून मी वाचायला घेतली आणि दोन रात्री त्यांतच गेल्या. हा पेच काही आमच्या घरचा नव्हे, हे लगेच कळले. खेळ जितका जुना तितकाच तो जुना. हाती आले ते वाटून मोकळा होणारा सूत्रधार तिकडे इतका ओळखीचा, की त्याला नावच पडले आहे. अमेरिकेत १९६३ साली दूरचित्रवाणीवर बक्षिसे वाटण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला, त्याचा सूत्रसंचालक मॉन्टी हॉल. त्याच्या आडनावाची स्पेलिंग बदलून 'घबाड' असा अर्थ साधणारी कोटी कोणीतरी केली आणि असल्या सैल हाताच्या खेळाला ते नाव चिकटले. गायगॅक्स यांनी १९७९ साली सूत्रधारांसाठी जाडजूड मार्गदर्शक लिहिला, त्यात संपत्ती फार वाटू नका असे बजावले आहेच, शिवाय वाटलेली परत कशी काढावी याच्याही तरतुदी आहेत. जकात, कर, पथकर आणि वरची पायरी चढण्यापूर्वी गुरूकडे भरायची जबरदस्त फी. पगारदार वाचकाला ते प्रकरण मुळीच परके वाटणार नाही.

पुढच्या आवृत्त्यांनी हे बंधन वस्तूंवरच घातले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत बऱ्याचशा प्रभावी वस्तूंशी आधी तासभर बसून नाते जुळवावे लागते, आणि अशी नाती एका वेळी तिनांपेक्षा जास्त जुळत नाहीत. चौथी हवी तर एक सोडा. अग्निगोल फेकणारी एक कांडी आहे. तिच्यात सात मात्रा. त्या रोज पहाटे थोड्याफार भरून येतात. पण हावरेपणाने सातवीही वापरली तर फासा टाकायचा, आणि एक पडला तर कांडीची राख. ही योजना मला फार आवडली. कांडी जवळ ठेवणे सोपे, शेवटची मात्रा शिल्लक ठेवणे कठीण. उलट एकदाच वापरता येणाऱ्या वस्तूंचे निराळेच होते. मुले औषधाच्या कुप्या 'पुढे लागेल' म्हणून इतक्या जपतात, की गोष्ट संपते तरी बुचे उघडलेली नसतात. आमच्या शोकेसमधला पाहुण्यांचा टी-सेट गेली बावीस वर्षे कोणत्या पाहुण्यांची वाट पाहतो आहे, हे मला तेव्हा कळले.

सर्वांत कडक किंमत १९७६ च्या एका पुस्तिकेत सापडली. वेक्ना नावाच्या दुष्ट जादूगाराचा हात आणि डोळा तिच्यात आहेत. दोन्हींत अफाट सामर्थ्य. पण तो हात लावायचा तर आधी स्वतःचा तोडावा लागतो, डोळा बसवायचा तर स्वतःचा काढावा लागतो. घेणाऱ्याला कोणी अडवत नाही.

आणि इच्छेविषयी म्हणाल, तर इच्छा जेवढी मोठी तेवढी ती उलटण्याची शक्यता अधिक, असे पुस्तकच सांगते. त्यात दिलेले उदाहरण वाचून मी अंथरुणात उठून बसलो. खलनायक मरावा अशी इच्छा केली, तर तो मेलेला असेल अशा भविष्यकाळात इच्छा करणाराच जाऊन पडू शकतो! म्हणजे चिरंजिवांना वाट होती. तरी ही वाट मला मनापासून पटत नाही. कुंभकर्ण इंद्रासन मागायला गेला आणि जीभ वळून निद्रासन मागून बसला, ही कथा ऐकायला गमतीची. पण दर खेपेला असेच होऊ लागले तर खेळाडू वर मागण्याऐवजी वकिलाकडून मसुदा करून आणतील.

भाऊबीजेच्या दुपारी चिरंजीव एकटेच बसले होते. मी माझ्या मुलुखातून सुरुवात केली.

"अरे, कर्णाची कवचकुंडलं अंगावर असेपर्यंत युद्धाला अर्थ नव्हता. म्हणजे व्यासांपुढे तुझाच पेच. पण त्यांनी रात्री चोर नाही पाठवला. ब्राह्मणाच्या वेषात इंद्र आला आणि त्यानं उघड मागितली. त्याआधी सूर्यानं स्वप्नात येऊन कर्णाला सावध केलं होतं. म्हणजे कर्णानं दिली ती जाणूनबुजून दिली, आणि बदल्यात वासवी शक्ती मागून घेतली. एकदाच चालणारी. अर्जुनासाठी राखलेली ती शक्ती चौदाव्या दिवशी रात्री घटोत्कचावर खर्च करावी लागली, तेव्हा कृष्ण आनंदानं नाचला. बघ, घेतलं तेही मागून आणि दिलं तेही मोजून."

वर्गात हे सांगितले म्हणजे पहिल्या बाकावरची मुले तरी माना डोलवतात. चिरंजीव माझ्याकडे पाहत राहिले.

"बाबा, दहावीत माझा फोन तुम्ही उशाखालून काढून नेलात, तेव्हा इंद्र आला होता का?"

सहामाहीला तो गणितात घसरला होता. फोन मीच हौसेने घेऊन दिला होता. मीच तो रात्री, पोर झोपले असताना, कपाटात ठेवून कुलूप लावले. सकाळी वाद नको म्हणून रात्री. त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी बोलला नव्हता, हे मी साफ विसरून गेलो होतो.

"चुकलं ते," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने उठला, फळीवरचा डबा काढला आणि चपला घातल्या.

मित्राच्या घरी काय बोलणे झाले ते मला त्याच्याकडूनच कळले, तेव्हा काही गाळले असेल तर ठाऊक नाही. तो म्हणाला, "चोर आलाच नाही असं धरू. अंगठी तुझीच. पण ती अशीच राहिली तर खेळ पुढे जात नाही. काय करू या, तूच सांग." मित्र म्हणाला, "मलाही तिचा कंटाळाच आला होता. पण तू विचारायला हवं होतंस." मग दोघांनी गच्चीवर बसून अंगठीची किंमत ठरवली. ठरवली ती मित्रानेच, आणि चिरंजीव सांगतात की त्यांनी स्वतः एवढी जबर ठेवली नसती: प्रत्येक इच्छेमागे त्याचा योद्धा आपल्या एका सोबत्याला कायमचा विसरेल. डबा परत आला तो अनारशांनी भरून.

जानेवारीत एका रविवारी एक पूल कोसळला आणि चष्मेवालीचा वैद्य दरीत पडून मेला. तो फासा तिनेच टाकला होता आणि पडला होता एक. सगळे गप्प झाले. मित्राने कोणाकडेही न पाहता दुसरी इच्छा वापरली. वैद्य जिवंत झाला, आणि योद्धा त्याला ओळखेना.

तेव्हापासून दर रविवारी खेळाच्या सुरुवातीला ती मुलगी खुर्चीवरून थोडी पुढे वाकून म्हणते, "मी वैद्य. आपली ओळख आहे." तो म्हणतो, "मला आठवत नाही." पहिले काही रविवार सगळे याला हसत. आता हसत नाहीत, पण ती म्हणते आणि तो उत्तर देतो. चहा आता मला करावा लागतो.

परवा ट्रे नेताना मी त्याला विचारले, "काय रे, तिसरी इच्छा कशासाठी राखली आहेस?"

"तिची आठवण परत मागता येईल, काका. पण मग दुसऱ्या कुणाला तरी विसरावं लागेल," तो म्हणाला आणि चिरंजिवांच्या वहीकडे पाहून त्याने कप उचलला. "बघतोय अजून."