परत दिली जाणारी वाट

व्हर्मॉन्ट हे अमेरिकेच्या ईशान्येला, कॅनडाच्या सीमेला टेकलेलं छोटं डोंगराळ राज्य. तिथे दरवर्षी १६ डिसेंबरला सुमारे साडेसात हजार किलोमीटर लांबीच्या वाटा खुल्या होतात आणि १५ एप्रिलला बंद होतात. मधल्या चार महिन्यांत बर्फ पडला तर वाट आहे, नाही पडला तर नाही. जून महिन्यात त्याच जागी जाऊन उभं राहिलं, तर कुठे गुरांच्या वैरणीसाठी राखलेलं कुरण दिसेल, कुठे मेपलचं रान, कुठे एखाद्या गोठ्यामागचा उतार. हिवाळ्यात इथून वाहनांची रांग जाते, हे सांगूनही पटणार नाही.

या वाटा सरकारच्या बांधकाम खात्याने केलेल्या नाहीत. स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीच्या, गावोगावच्या क्लबांनी त्या आखल्या आणि तेच त्या राखतात. असे शंभराहून अधिक क्लब राज्याच्या चौदाही काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, आहेत. १९६७ साली त्यांची शिखर संस्था उभी राहिली. तिचं नाव व्हर्मॉन्ट असोसिएशन ऑफ स्नो ट्रॅव्हलर्स. आद्याक्षरांवरून लोक तिला ‘व्हास्ट’ म्हणतात. तिच्या जाळ्यातली सुमारे ऐंशी टक्के वाट खासगी जमिनीतून जाते, आणि बहुतेक मालक त्यासाठी एक पैही घेत नाहीत.

या शेवटच्या वाक्याचं वजन मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. शेतात जायच्या वाटेवरून भावाभावांत पडलेलं वितुष्ट आपण गावोगाव पाहतो. त्या भांडणांसाठी आपल्याकडे १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे आणि जमीन महसूल संहितेचं १४३ वं कलम आहे. तरी तहसील कचेरीतले रस्त्याचे दावे संपत नाहीत. अशा नजरेने पाहिलं की प्रश्न पडतो: शेकडो जणांच्या शेतांतून, केवळ मौजेसाठी फिरणाऱ्या परक्यांची वाट पन्नासहून अधिक वर्षं कशी टिकली? त्याचं उत्तर या क्लबांच्या वर्षभराच्या कामात आहे.

गाडी आली, मग क्लब आले

गुलमर्गला गेलेल्या अनेकांनी स्नोमोबाइल पाहिलेली असते. तिथे तिला स्नो स्कूटर म्हणतात. पुढे चाकांच्या जागी दोन पट्ट्या, मागे रबराचा रुंद फिरता पट्टा, वर मोटरसायकलसारखं हँडल आणि उजव्या अंगठ्याखाली थ्रॉटल. दोन-अडीचशे किलोचं हे धूड भुसभुशीत बर्फात रुतत नाही, कारण त्याचं वजन लांबरुंद पट्ट्यावर वाटलं जातं. जमिनीवर त्याचा दाब माणसाच्या पावलापेक्षाही कमी पडतो.

ही गाडी जन्मली ती गरजेतून. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलियासनने १९२४ साली लाकडी घसरगाडीला बोटीचं छोटं इंजिन जोडलं. पायाच्या व्यंगामुळे त्याला बर्फात मित्रांच्या बरोबरीने चालता येत नसे. क्वेबेकमधल्या वालकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोम्बार्डियेची कथा अधिक दुःखाची आहे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाच्या आतड्याचा आजार बळावला. रस्ते बर्फाने बुजलेले होते, दवाखाना दूर होता, आणि मूल गेलं. बर्फावर चालणारं वाहन करण्याच्या प्रयत्नांत हा बाप आधीपासूनच होता. १९३७ साली त्याला पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि सात माणसांची ‘बी-७’ गाडी बाजारात आली. पुढे १९५९ मध्ये त्याच्याच कारखान्यातून ‘स्की-डू’ ही एका-दोघांची हलकी गाडी निघाली. डॉक्टर, पोस्टमन, शिकारी यांचं वाहन मग घरोघरच्या हौसेचं वाहन झालं.

साठच्या दशकात या गाड्या झपाट्याने खपल्या आणि वाटेल तिथून धावू लागल्या. कुंपणं तुटली, रोपं चिरडली गेली, रात्री-अपरात्री इंजिनांच्या आवाजाने लोक वैतागले. आपल्या जमिनीतून जायची बंदी घालणारे फलक झाडांवर दिसू लागले. कुणीतरी गाडीवाल्यांना शिस्त लावायला हवी होती आणि शेतकऱ्याशी बोलायला हवं होतं. क्लबांची घडी बसली ती या गरजेतून.

दारावरची थाप

क्लबचं वर्ष बर्फाने सुरू होत नाही. ते सुरू होतं जमिनीच्या मालकाच्या दारावरच्या थापेने. शरद ऋतूत, मेपलची पानं लाल होऊन गळायला लागली की क्लबचे स्वयंसेवक घरोघर जातात. यंदा कुरणात काही पेरलंय का, गुरं कुठे बांधणार, लाकूडतोड काढलीय का, फाटक कोणतं उघडं ठेवायचं, हे विचारतात. मालक म्हणाला की वाट ओढ्याच्या पलीकडून न्या, तर ती पलीकडून न्यायची. मेपलच्या रानात हे फार जपावं लागतं. अमेरिकेतल्या मेपल सिरपचं जवळजवळ निम्मं उत्पादन एकट्या व्हर्मॉन्टचं. हिवाळा सरता सरता झाडांतून रस काढण्यासाठी खोडाखोडांना नळ्यांचं जाळं लावलेलं असतं. एका बेफिकीर गाडीने ती नळी तोडली, तर त्या घराच्या वर्षाच्या कमाईलाच धक्का लागतो.

मग झाडोरा साफ करायचे दिवस येतात. करवती, कोयते घेऊन माणसं रानात शिरतात. वादळात आडवी पडलेली झाडं कापतात, वाटेवर झुकलेल्या फांद्या छाटतात. ओढ्यांवरचे लाकडी पूल तपासतात आणि कुजलेल्या फळ्या बदलतात. जुलै २०२३ च्या पुरात राज्यातले पूल आणि मोऱ्या मोठ्या प्रमाणावर वाहून गेल्या, तेव्हा हे काम कित्येक पटींनी वाढलं. शेवटी खुंट आणि फलक लागतात: वळण, पूल, ‘पुढे रस्ता ओलांडायचा आहे’, ‘वाट सोडू नका’. पांढऱ्याशुभ्र रानात, बर्फ भुरभुरत असताना, गाडीवाल्याचा जीव त्या चकाकत्या फलकावर अवलंबून असतो.

आपल्याकडे याला श्रमदान म्हणतात. गावतळ्याचा गाळ उपसताना जसं कुणी पावडा धरतं, कुणी पाट्या वाहतं आणि कुणी भाकरी बांधून आणतं, तसंच इथेही चालतं. ज्याच्याकडे स्नोमोबाइल नाही त्यालाही काम असतं. हिशेब ठेवणं, नकाशे करणं, फलक रंगवणं, मुलांचा सुरक्षावर्ग घेणं, स्वयंपाकघर सांभाळणं.

रात्रीची पाळी

या सगळ्या कामांत मानाचं काम वाट सपाट करण्याचं. त्याला ग्रूमिंग म्हणतात. गाड्या वेग घेतात, ब्रेक लावतात, आणि त्यातून वाटेवर उंचवट्यांची रांगच तयार होते. तिच्यावरून गेलं की पाठीचा कणा खिळखिळा होतो. ते मोडायला पट्ट्यांवर चालणारा मोठा ट्रॅक्टर लागतो आणि त्यामागे लोखंडी सांगाडा, ‘ड्रॅग’. ड्रॅगची पाती उंचवटे तासतात, सुटलेला बर्फ पुढे ढकलतात, घोळवतात, आणि मागचा पत्रा तो दाबून बसवतो. आपल्या शेतात कुळव फिरल्यावर मागून फळी फिरते, तसंच काहीसं.

हे काम रात्री करतात. रात्री वाट रिकामी असते हे एक कारण. दुसरं कारण बर्फाच्या स्वभावात आहे. ढवळलेल्या बर्फाचे कण थंडीत एकमेकांना सांधत जातात आणि काही तासांत थर घट्ट होतो. दुपारच्या उन्हात तीच मेहनत केली, तर पहिल्या दहा गाड्यांतच वाट पुन्हा फुटते. ट्रॅक्टर ताशी आठ-दहा किलोमीटरनेच चालवावा लागतो. घाई केली की ड्रॅग उड्या मारतो आणि नवे उंचवटे घडवतो. साठ किलोमीटरची फेरी म्हणजे आख्खी रात्र. काळोखात, शून्याच्या खूप खाली, केबिनच्या उजेडात एकटा माणूस हळूहळू वाट विणत जातो. सकाळी त्यावरून जाणाऱ्यांना त्याचं नावही ठाऊक नसतं.

पत्ते, पॅनकेक आणि पाठ

क्लबात येणाऱ्याला पहिली ओढ अर्थात भटकण्याची असते. शनिवार-रविवारी दहा-बारा गाड्यांचा घोळका निघतो. पुढे वाटाड्या आणि शेवटी अनुभवी माणूस, म्हणजे मधला नवखा चुकत नाही. ‘पोकर रन’ हा लाडका कार्यक्रम. वाटेवरच्या पाच थांब्यांवर प्रत्येकी एक पत्ता उचलायचा, शेवटी ज्याच्या हातात सर्वांत भारी डाव त्याला बक्षीस. उरलेला पैसा क्लबच्या किंवा एखाद्या चांगल्या कामाच्या पेटीत. सकाळी सिरप ओतलेल्या पॅनकेकची पंगत असते आणि जुन्या गाड्यांची प्रदर्शनं भरतात. तरुणाईचं हे वेड दुसऱ्याच्या कामीही येतं. कॅनडातल्या ओंटारियोत १९७५ पासून ‘स्नोअरामा’ या नावाने अशा फेऱ्या निघतात आणि अपंग मुलांसाठी निधी जमवतात.

या मौजेला शिस्तीची चौकट आहे. व्हर्मॉन्टमध्ये १ जुलै १९८३ नंतर जन्मलेल्या आणि बारा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. हे वर्ग बहुतेक स्वयंसेवकच घेतात. गोठलेल्या तळ्यावर जायचं तर स्वच्छ, टणक बर्फाची जाडी किमान पाच ते सात इंच हवी, हे इथलं पोर पाढ्यासारखं शिकतं. आणि पहिला पाठ असतो तो वाट न सोडण्याचा. पातळ बर्फावरून कुरणात शिरलेली एक गाडी खालचं गवत मारते. मालक पुढच्या वर्षी नाही म्हणाला की वीस किलोमीटरची वाट मधोमध तुटते, कारण वळसा घालायला शेजाऱ्याचा होकार लागतो.

आज या क्लबांपुढे तीन काळज्या आहेत. हिवाळे उबदार होत चालले आहेत आणि गाडी चालवण्याजोगे दिवस घटत आहेत. करवत धरणारे हात म्हातारे होत आहेत. शेत विकलं जातं, शहरातून नवा मालक येतो आणि दारावरची थाप पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते. म्हणूनच नव्या माणसांना बोलावताना क्लब गाडीबद्दल कमी विचारतात. वर्षातले चार-दोन शनिवार देशील का, एवढंच विचारतात.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. आपला भारतीय वहिवाट कायदा १८८२ चा. त्यानुसार वीस वर्षं बिनअडथळा, हक्क म्हणून वापरलेली वाट हक्काची होते. परवानगी मागून वापरलेली वाट मात्र शंभर वर्षांनीही परवानगीचीच राहते. आपल्याकडे शेजाऱ्याला वाट द्यायची भीती वाटते, ती याच वीस वर्षांची. व्हर्मॉन्टच्या क्लबांनी हक्काचा मार्ग धरलाच नाही. ते दर वर्षी वाट मागतात, आणि मागितलेली दर वर्षी परत करतात.

एप्रिलच्या मध्यावर ते परत करणं डोळ्यांनी दिसतं. चिखल तुडवत माणसं फिरतात, एकेक खुंट उपटतात, फलक गाडीत रचतात, फाटकं लावून घेतात. मग मालकांना कुटुंबासह जेवायला बोलावलं जातं आणि क्लबचे लोक स्वतः वाढतात. मे उजाडेपर्यंत कुरणात कोवळं गवत येतं आणि वाटेची खूण उरत नाही. शेतकऱ्याला आपलं शेत होतं तसं मिळालेलं असतं. शरदात पुन्हा दारावर थाप पडते, तेव्हा दार उघडायला तो येतो, तो यामुळेच.