वालेन्सियाचा किनारा : पाण्याच्या मागाने काही सहली



अलीकडे अभ्यास दौऱ्यातून किंवा स्वखर्चाने युरोपला जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांची संख्या वाढत आहे. बहुतेकजण हॉलंडची हरितगृहे पाहून परत येतात. स्पेनला गेलेच तर माद्रिद व बार्सिलोना ही दोन शहरे होतात आणि वेळ संपतो. वास्तविक आपल्या शेतीशी जास्तीत जास्त साम्य असलेला भाग स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. गेल्या वर्षी मला तेथे अकरा दिवस राहण्याची संधी मिळाली. या किनाऱ्यावर काय पाहावे, कोठून कोठे जावे आणि कशासाठी जावे, याची माहिती प्रस्तुत लेखात देत आहे.

कास्तेयोन, वालेन्सिया आणि आलिकान्ते हे तीन जिल्हे मिळून हा प्रदेश होतो. पूर्वेला भूमध्य समुद्र, पश्चिमेला डोंगर आणि मधे किनारपट्टीची सुपीक जमीन अशी त्याची रचना आहे. ऊन भरपूर, पाऊस मात्र वालेन्सिया शहराजवळ वर्षाला सुमारे ४५० मि.मी. आणि दक्षिणेस आलिकान्तेला जेमतेम ३०० मि.मी. म्हणजे आपल्या माण-खटावपेक्षाही कमी. तोही बराचसा शरद ऋतूत पडतो. ऐन उन्हाळ्यात, पिकाला पाण्याची खरी गरज असते तेव्हा, आकाशातून काहीही मिळत नाही. तरीही या पट्ट्यात संत्री, भात, डाळिंब, द्राक्षे, खजूर आणि भाजीपाला पिकतो. हे पाणी येते कोठून आणि वाटले जाते कसे, हा प्रश्न मनात ठेवून फिरल्यास सहल सार्थकी लागते.

समुद्रकिनाऱ्याबद्दल थोडेच सांगतो. बेनिदोर्म येथे वाळूला लागून उंच इमारतींची रांग आहे आणि थंड देशांतील लोक तेथे उन्हात अंग शेकण्यासाठी पैसे मोजून येतात. आपल्याला त्याची मौज वाटते. अर्धा दिवस पुरे.

गुरुवारचे न्यायालय

मुक्काम वालेन्सिया शहरात करावा आणि त्यात एक गुरुवार येईल असे पाहावे. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता तेथील मुख्य चर्चच्या ‘प्रेषितांचे दार’ नावाच्या दरवाजाबाहेर पाणी न्यायालय बसते. तुरिया नदीतून निघणाऱ्या आठ पाटांच्या शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडलेले आठ प्रतिनिधी हेच तेथील न्यायाधीश. अंगात काळा झगा, बसायला लाकडी खुर्च्या, भोवती एक कठडा. वकील नाही, कागद नाही, टंकलेखक नाही. शिपाई एकेका पाटाचे नाव पुकारतो आणि त्या पाटावरील आरोपींना पुढे बोलावतो. पाळी नसताना पाणी घेणे, शेजाऱ्याच्या उभ्या पिकात पाणी सोडणे, आपल्या हद्दीतील चारी साफ न करणे असे गुन्हे असतात. तक्रार, बचाव, पुरावा सारे तोंडी आणि तेथील स्थानिक वालेन्सियन भाषेत. ज्या पाटाचा खटला असेल त्या पाटाचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. निकाल तेथल्या तेथे लागतो आणि त्यावर अपील नाही. स्पेनच्या राज्यघटनेने अशा रूढीच्या न्यायालयांना मान्यता दिली आहे. युनेस्कोने २००९ मध्ये हे न्यायालय व शेजारच्या मुर्सियाचे तशाच प्रकारचे मंडळ यांचा जागतिक सांस्कृतिक वारशात समावेश केला.

मी गेलो त्या गुरुवारी आठही पाटांची नावे पुकारली गेली आणि कोणीही पुढे आले नाही. पाच-सात मिनिटांत सारे संपले. जमलेले प्रवासी थोडे हिरमुसले. मला मात्र ते फार मोलाचे वाटले. आमची वडिलोपार्जित जमीन एका कालव्याच्या चारीच्या अगदी शेपटाला आहे. आवर्तन सुटल्यावर वरच्या बाजूला किती ठिकाणी पाट फुटतो आणि टेलला काय उरते, हे लहानपणापासून पाहात आलो आहे. तक्रार कोणाकडे करायची हेच वडिलांना कधी नीट कळले नाही. कळले तेव्हा पाळी संपलेली असे. येथे तक्रारदाराला फार तर पुढच्या गुरुवारपर्यंत थांबावे लागते, आणि न्याय देणारा स्वतः पाणी देणारा शेतकरी असतो.

या व्यवस्थेची दोन तत्त्वे समजून घेण्यासारखी आहेत. पहिले, पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला आहे. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाते. पाणी वेगळे विकता येत नाही. दुसरे, नदीतील पाण्याचे वाटप ठराविक घनमीटरमध्ये नाही, हिश्श्यांमध्ये आहे. नदी भरली तर सर्वांचा वाटा वाढतो, आटली तर सर्वांचा कमी होतो. तुटीच्या काळात कोणत्या पिकाला आधी पाणी द्यायचे हे पाटाचा प्रतिनिधी ठरवतो. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा-मोसम खोऱ्यांतली फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्या फडांतही पाटकरी, जागल्या, हवालदार होते. तेथे ती घडी आजही बसलेली आहे आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी विस्कटली, एवढाच फरक.

न्यायालय पाहून झाल्यावर जवळच तुरिया नदीच्या जुन्या पात्रात उतरावे. तेथे नदी नाही, मैलोगणिक बाग आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये आलेल्या महापुराने शहर बुडाल्यावर नदी शहराच्या दक्षिणेकडून नवीन पात्रात वळवली गेली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा अतिवृष्टी झाली तेव्हा या नव्या पात्रामुळे शहर वाचले. परंतु त्याच्या दक्षिणेकडील पाइपोर्ता, कातारोखा या गावांवर ओढ्याचे पाणी चाल करून आले आणि वालेन्सिया जिल्ह्यात २२० हून अधिक माणसे दगावली. कित्येक गावांत स्वतः पाऊस नव्हता. वरच्या भागात पडलेले पाणी खाली आले. मोबाईलवरचा इशारा रात्री आठनंतर आला, तोपर्यंत घरांत पाणी शिरले होते.

लव्हाळ्याची शेती

शहराच्या उत्तरेला लागूनच अल्बोराया हे गाव आहे. मेट्रोने जाता येते. आपण ज्या लव्हाळ्याला खुरपून, नांगरून, तणनाशक मारून हैराण होतो, त्याच्या सख्ख्या भावाची येथे मुद्दाम शेती करतात! या पिकाला चुफा म्हणतात. लव्हाळ्याच्याच सायपेरस कुळातले हे पीक. कंद मात्र गोड असतो. जमीन रेताड व भुसभुशीत लागते, म्हणजे कंद स्वच्छ निघतात. वसंतात सरीवरंब्यावर लागवड, हिवाळ्यात काढणी, त्यानंतर सुमारे तीन महिने हवेशीर जागी वाळवण. भिजवून वाटलेल्या कंदाचे साखर घातलेले थंडगार ‘ओर्चाता’ हे पेय गावातील दुकानांत मिळते. दिसायला दुधासारखे, चव थोडी बदामाकडे झुकणारी. मी दोन पेले घेतले.

याच शिवारात पाट कसे फिरवले आहेत, लहान-लहान वाफ्यांत कांदा, कोबी, सालाद कशी बसवली आहे, हे सायकलवरून नीट पाहता येते. या सिंचन शेतीचा अन्न व कृषी संघटनेने २०१९ मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात समावेश केला. त्यापूर्वी २०१८ मध्ये तेथील प्रादेशिक शासनाने या शिवाराच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला होता. कायद्याची वेळ का आली ते बांधावर उभे राहिले की दिसते. एका बाजूला कोबी आणि दुसऱ्या बाजूला सात मजली इमारत. हजार वर्षांचा पाट सिमेंटच्या नळात शिरून रस्त्याखाली गेलेला आहे.

आलबुफेराचे भात

शहराच्या दक्षिणेस सुमारे १० कि.मी. वर आलबुफेरा हे उथळ सरोवर आहे. समुद्र व सरोवर यांच्यामध्ये वाळूचा एक पट्टा आहे. १९८६ पासून हा भाग संरक्षित नैसर्गिक उद्यान आहे. शहर बसने एल पाल्मार या गावी जावे, नावेतून तासभर फिरावे आणि परतताना भातखाचरांच्या कडेने चालावे. समुद्राकडे जाणाऱ्या पाण्यावर दरवाजे आहेत आणि सरोवराची पातळी भाताच्या गरजेप्रमाणे राखली जाते. मे महिन्यात साचलेल्या पाण्यात बी फेकून पेरणी, सप्टेंबरात यंत्राने कापणी. हिवाळ्यात खाचरे पुन्हा पाण्याने भरतात. त्यावर हजारो पाणपक्षी उतरतात. भाताच्या पेंढ्याचे काय करायचे हा वाद तेथेही आहे. जाळला तर धूर गावांत शिरतो, पाण्यात कुजवला तर पाण्यातला प्राणवायू कमी होऊन मासे मरतात.

तांदूळ आखूड व जाड दाण्याचा. ‘बोम्बा’ या जातीचा दाणा रस भरपूर शोषतो आणि तरी मोकळा राहतो. म्हणून पाएया या प्रसिद्ध पदार्थासाठी त्याला भाव जास्त. पारंपरिक पाएयात कोंबडी, ससा, घेवड्याच्या शेंगा असतात. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे.

संत्र्याच्या बागा

वालेन्सियाहून रेल्वेने दक्षिणेकडे जाताना दोन्ही बाजूंना संत्री लागतात. कार्काशेंत या गावी १७८१ मध्ये एका धर्मगुरूने व्यापारी पद्धतीची पहिली बाग लावली, असा इतिहास सांगतात. विसाव्या शतकात ट्रिस्टेझा विषाणूने येथे आंबट संत्र्याच्या खुंटावरील कोट्यवधी झाडे मारली. त्यानंतर खुंट बदलला गेला आणि मोंकादा येथील संशोधन संस्थेत शेंड्याच्या सूक्ष्म कलमाद्वारे रोगमुक्त मातृवृक्ष तयार करण्यात आले. आपल्या नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतही हेच तंत्र वापरतात, तेव्हा संत्रा बागायतदारांनी या संस्थेशी आगाऊ पत्रव्यवहार करून भेट ठरवावी. परंतु बागांची सारी स्थिती चांगली आहे असे समजू नये. धारणक्षेत्र लहान, मुले शहरात नोकरीला आणि परदेशी फळांची स्पर्धा यामुळे सोडून दिलेल्या बागा अनेक दिसतात. एका बागेत फळांचा सडा झाडाखाली सडत पडला होता. तोडणीची मजुरी निघत नसावी.

एल्चे : पाणी जेथे विकले जाई

पुढील मुक्काम आलिकान्ते. तेथून लोकल गाडीने अर्ध्या तासात एल्चे. या शहराच्या पोटातच सुमारे दोन लाख खजुरीच्या झाडांचे बन आहे. २००० मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून घोषित केले. प्रवासी ‘पाद्रीचा मळा’ या बागेत छायाचित्र काढतात. शेतकऱ्याने मळ्याची रचना पाहावी. चौकोनी तुकडा, बांधावर खजुरीच्या ओळी, आत सावलीत डाळिंब किंवा लसूणघास. विनालोपो नदीचे पाणी मचूळ. म्हणून क्षार सोसणारी पिके निवडली गेली. येथील ‘मोल्लार’ डाळिंब आपल्या भगव्यापुढे फिकट दिसते, पण बी इतके मऊ की चावताना कळत नाही. सांगोल्याच्या बागायतदारांनी ते जरूर चाखावे. काही खजुरींचे शेंडे बांधून ठेवलेले दिसतात. प्रकाश न मिळाल्याने कोवळ्या पानांत हरितद्रव्य तयार होत नाही आणि ती पांढरट राहतात. झावळ्यांच्या रविवारी या पांढऱ्या झावळ्यांना मोठी मागणी असते. अलीकडे सोंड्या भुंग्याचा उपद्रव आहे. कोकणातील नारळ बागायतदारांना हा पाहुणा नवा नाही.

वालेन्सियाचे गुरुवारचे न्यायालय पाहून येथे आल्यास एक फरक लक्षात घ्यावा. एल्चेत शतकानुशतके पाणी जमिनीपासून वेगळे होते. पाण्याचा हक्क ही स्वतंत्र मालमत्ता. पाणी लिलावात विकले जाई आणि हक्कदाराकडे जमीन असेलच असे नव्हते. टंचाईच्या वर्षी ज्याच्या खिशात पैसा त्याचे पीक वाचे. याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की विकत घेतलेल्या पाण्याची नासाडी होत नाही. तेही खोटे नाही. पण दोन्ही ठिकाणे पाहिल्यावर मी शेपटाच्या शेतकऱ्याच्या जागी उभा राहून विचार केला, आणि मला वालेन्सियाच बरे वाटले. १९७९ मध्ये मध्य स्पेनमधील ताखो नदीचे पाणी कालव्याने या दक्षिण भागात आणले गेले. किती पाणी सोडायचे यावर दोन्ही खोऱ्यांतील लोकांचे भांडण तेव्हापासून चालू आहे.

द्राक्ष बागायतदारांनी आणखी एक दिवस काढून विनालोपो खोऱ्यात नोवेल्दा भागात जावे. सुमारे १०० वर्षांपूर्वी घडावरील अळीपासून बचाव म्हणून तेथे कागदी पिशव्या बांधू लागले. पिशवीत घड सावकाश पिकतो व साल पातळ राहते, हे नंतर लक्षात आले. आलेदो ही उशिराची जात त्यामुळे डिसेंबरपर्यंत वेलीवर टिकते. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक याप्रमाणे बारा द्राक्षे खाण्याची स्पेनमध्ये पद्धत आहे. बाजार त्या एका रात्रीवर बेतलेला आहे.

जाताना घ्यावयाची काळजी

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. भाताची कापणी संपत आलेली असते, डाळिंबे तयार असतात आणि पिशव्या वेलीवर दिसतात. मात्र अतिवृष्टीही याच काळात होते. इशारा आल्यास ओढ्याकाठी किंवा तळघरात थांबू नये. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन व गर्दी दोन्ही असह्य होतात. शेंगेन व्हिसासाठी दोन-तीन महिने आधी अर्ज करावा. दुपारी दोन ते पाच बरीच दुकाने बंद असतात, त्यामुळे शेतावरच्या भेटी सकाळी ठरवाव्यात. परतताना संत्र्याच्या डोळकाड्या, डाळिंबाच्या फांद्या किंवा बी खिशात घालून आणण्याचा मोह टाळावा. आयात परवाना व रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र नसताना असे साहित्य आणणे बेकायदेशीर आहे आणि त्याबरोबर येणारा रोग आपल्याच बागेत उतरतो. चुफाचे कंदही आणू नयेत. घरचा लव्हाळा आपल्याला पुरेसा आहे.