काटा पडला की इंजिन बंद!

मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याच्या पुढे लागणारं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. पितळी पातेल्याला कल्हई लावताना तुम्ही कधी पाहिलं असेल. भाता मारून पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथील टेकवायचं. कथील 232 अंशांना वितळतं आणि कापसाच्या बोळ्यासरशी पातेलंभर पसरतं.

शंभर वर्षांपूर्वीच्या शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं याच कथलाच्या भरवशावर पळत. 1839 मध्ये अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिटने बेअरिंगसाठी कथलात थोडं अँटिमनी नि तांबं मिसळलं. बेंटलीने 1928ची ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली, त्या काळच्या इंजिनांत या मिश्रधातूचा थर ओतलेला असे. तो मऊ असल्याने बारीक कचरा पोटात घेतो, क्रँकला ओरखडा पडू देत नाही. तापला की मात्र वाहू लागतो.

मग मिनिटाला हजारो फेरे घेणारा क्रँक त्यावर टिकतो कसा? तो त्याला टेकतच नाही! 1883च्या सुमारास ब्यूशॅम्प टॉवर हा इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगच्या माथ्यावर त्याने भोक पाडलं, तर तेल वर येऊ लागलं. बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. गेज लावलं, तर काटा चौरस इंचाला 200 पौंडांच्या पलीकडे. फिरता दांडा तेल स्वतःखाली ओढतो आणि त्याच्या पातळ पाचरीवर तरंगतो. हे गणित 1886 मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्सने मांडलं.

म्हणजे वजन पंप पेलत नाही, तो फक्त तेल पुरवतो. डॅशबोर्डावरचा तेलाच्या दाबाचा काटा या पुरवठ्याचा. झिजलेल्या इंजिनात जाड ऑइल ओतून काटा वर आणणारे महाभाग आहेत. झीज तशीच राहते.

शर्यतीत घात होतो वळणावर. बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला की इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमधलं तेल 45 अंशांत कलतं, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. त्याच मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या बिजासन घाटातल्या ट्रकला ही भीती नाही, तेवढा वेगच नसतो. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवल्या तर तेल बरंचसं जागी राहतं. मला त्याहून पसंत आहे ती तेलाची जादा टाकी. आत सरकता पिस्टन, एका बाजूला दाबलेली हवा, दुसरीकडे तेल. इंजिनातल्या तेलाचा दाब घसरला की हवा पिस्टन रेटते आणि साठलेलं तेल बेअरिंगकडे जातं. सोय काही सेकंदांचीच, पण वळण तेवढ्यात संपतं. महिनोन्महिने उभी असलेली गाडी सुरू करण्याआधीही हेच तेल आत सोडता येतं.

आणि दाब घसरताच लागणारा एक मोठा लाल दिवा नाकासमोर हवाच. भर वेगात काटा कोण बघतो? दिवा लागून राहिला की क्लच दाबून इग्निशन बंद, शर्यत गेली तरी चालेल. मग चेंबरचं ऑइल काढून उन्हात धरावं. त्यात चंदेरी चकाकी दिसली, तर तो बहुधा बेअरिंगचाच धातू. इंजिन उघडल्याशिवाय पुन्हा स्टार्टर मारू नये.