सावली गाव सांगते, नाव मात्र लिहावं लागतं

फिलाडेल्फियात १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेला एक फोटो आहे. तीन तरुणी कॅमेऱ्यापुढे आहेत. डावीकडची साडीत, मधली किमोनोत, उजवीकडची सिरियातल्या जडशीळ पोशाखात. हसू कुणाच्याच चेहऱ्यावर नाही. फोटोसाठी हसायची तेव्हा रीतच नव्हती. डावीकडची आपली आनंदीबाई जोशी, वय वर्षं वीस. मधली जपानची केई ओकामी. उजवीकडची दमास्कसहून आलेली सबात इस्लामबूली. तिघी ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’त डॉक्टरकी शिकत होत्या. तिघींचे देश वेगळे, भाषा वेगळ्या आणि घरापासूनचं अंतर हजारो मैल.

परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचं आयुष्य एका चौकटीत मावतं का, या प्रश्नाचं इतकं जुनं आणि इतकं नेमकं उत्तर क्वचितच सापडेल. गंमत म्हणजे आज अमेरिकेतली कितीतरी विद्यापीठं दरवर्षी हाच प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना विचारतात, आणि स्पर्धा भरवून उत्तरादाखल फोटो मागतात.

या स्पर्धांचा हंगाम बहुधा नोव्हेंबरच्या आसपास येतो. २००० सालापासून अमेरिकेत या महिन्यात ‘आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताह’ साजरा होतो. त्या निमित्तानं परदेशातून परतलेली पोरं आपापल्या मोबाइलमधलं धन बाहेर काढतात. गट साधारण ठरलेले: निसर्ग, माणसं, रोजचं जगणं, इमारती, आणि एक खास गट विद्यापीठाचा झेंडा किंवा खूण घेऊन काढलेल्या फोटोंचा. परीक्षक निवड करतात, कुठे विद्यार्थ्यांची मतंही घेतात. निवडलेले फोटो मोठे छापून ग्रंथालयाच्या भिंतीवर लागतात.

परदेशात शिकून यायचं हे वेड अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी रीतसर सुरू झालं. १९२३ च्या जुलैत डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड आठ विद्यार्थी घेऊन ‘रोशांबो’ नावाच्या बोटीनं फ्रान्सला निघाले. आठच. २०२२-२३ या वर्षात अमेरिकेतून अशा शिक्षणासाठी बाहेर गेलेल्यांचा आकडा २,८०,७१६ होता. मधल्या साथीच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, तो १४,५४९ वर घसरला होता. उलट दिशेची वर्दळ त्याहून मोठी: २०२३-२४ मध्ये अमेरिकेत शिकणारे एकटे भारतीय विद्यार्थीच ३,३१,६०२ होते. यातल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. म्हणजे फोटोंचा नुसता पाऊस.

या पावसातला एखादा थेंब हातावर घेऊन नीट पाहिला, तर थक्क व्हायला होतं. कारण फोटो कुठे काढला हे काढणाऱ्यानं सांगितलं नाही, तरी बरंचसं तो फोटोच सांगून टाकतो. भाषेत नाही, उजेडात.

समजा, पुण्याची एक मुलगी एडिंबराला शिकायला गेली. डिसेंबरात भर दुपारी मैत्रिणीनं तिचा फोटो काढला. मुलगी साडेपाच फूट उंच. तिची सावली मात्र २९ फुटांच्या वर! एडिंबरा जवळजवळ ५६ अक्षांशांवर आहे. तिथे डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम साडेदहा अंश वर येतो. त्याच दिवशी भर दुपारी ती पुण्यात अंगणात उभी असती, तर सावली पाच फुटांच्या आत आवरली असती. आपल्याकडे तर वर्षातून दोनदा शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर, आणि सावली पायाखाली गडप. एडिंबराच्या माणसाला ही चैन जन्मात मिळत नाही. माणसाची उंची, सावलीची लांबी, तारीख आणि वेळ एवढं कळलं, की गणित मांडून अक्षांश काढता येतो. फोटोतली सावली म्हणजे फुकटात मिळालेलं भूगोलाचं पुस्तक.

आता संध्याकाळ घ्या. फोटो काढणारे ज्या सोनेरी उजेडासाठी जीव टाकतात, तो सूर्य अगदी खाली आल्यावर मिळतो. किरणांना हवेच्या जाड थरातून यावं लागतं, निळा रंग वाटेतच विखुरतो आणि उरतो तो तांबूस-पिवळा. पुण्यात मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनी सूर्य सहा अंशांवर आल्यापासून बुडेपर्यंत साधारण २५ मिनिटं जातात. एडिंबरात त्यालाच ४३ मिनिटं लागतात, आणि जूनमध्ये जवळजवळ तासभर. कारण साधं आहे: आपल्याकडे सूर्य विहिरीत बादली सोडावी तसा जवळजवळ सरळ खाली जातो; तिकडे तो घाट उतरल्यासारखा तिरका, रमतगमत जातो. म्हणून उत्तर युरोपात गेलेल्या नवशिक्याचेही संध्याकाळचे फोटो सुंदर येतात. अर्धं श्रेय त्याचं, अर्धं अक्षांशाचं.

दक्षिण गोलार्धात गेलेल्यांचे फोटो तर बुचकळ्यात टाकतात. सिडनीत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे घरात ऊन हवं तर खिडकी उत्तरेची पाहायची. चंद्र पाहावा तर तोही फिरलेला. आपल्याकडे संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी चंद्रकोर बरेचदा आडवी, होडीसारखी असते, कपाळावरच्या चंद्रकोरीसारखी. एडिंबरात ती बहुधा अधिक उभी दिसते. आणि सिडनीत शुक्ल पक्षातल्या चंद्राची उजळ बाजू डावीकडे! चंद्रावरचा आपला ससा तिथे डोकं खाली करून लटकलेला. चंद्र तोच, ससा तोच. उलटे उभे आपण.

परीक्षकांच्या टेबलावर एक हिरवा फोटो हमखास येतो: नॉर्वे किंवा आइसलंडच्या आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशाचा. तो पाहून ‘रंग वाढवलेत’ अशी शंका येते. प्रत्यक्ष पाहणारे कित्येकजण सांगतात, की डोळ्यांना तो फिकट, राखाडी पडद्यासारखाच दिसला. मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. अंधारात आपण पाहतो ते डोळ्यातल्या दंडपेशींच्या भरवशावर, आणि या पेशींना रंग ओळखता येत नाहीत. कॅमेरा मात्र पाच-दहा सेकंद डोळा उघडा ठेवून उजेड थेंबाथेंबानं साठवतो. सूर्याकडून आलेले कण शंभरेक किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनच्या अणूंना डिवचतात, ते अणू ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा उजेड सोडतात, आणि कॅमेरा तो जमा करतो. हिरवा रंग आकाशात होताच. कमी पडले ते डोळे.

उजेडाखेरीज यंत्रही आपली नोंद ठेवतं. डिजिटल फोटोच्या फायलीत चित्रासोबत एक अदृश्य चिठ्ठी असते: तारीख, वेळ, शटर किती वेळ उघडं होतं, फ्लॅश पडला की नाही, आणि परवानगी दिली असेल तर अक्षांश-रेखांशही. ‘एक्झिफ’ नावाचा हा शिरस्ता १९९५ साली जपानमध्ये ठरला. स्पर्धेवाले ‘मूळ फाइल पाठवा’ असं बजावतात त्याचं एक कारण हे, आणि दुसरं छपाईचं. आठ बाय दहा इंचांचा फोटो इंचाला ३०० ठिपके या हिशेबानं छापायचा, तर २४०० गुणिले ३०००, म्हणजे ७२ लाख ठिपके लागतात. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो, आणि चिठ्ठीही वाटेत गळून पडते. मोबाइलच्या पडद्यावर झकास दिसणारा फोटो भिंतीवर गेला की धुरकट होतो तो असा.

इथवर सगळं फोटोनं आपणहून सांगितलं. आता तो कुठे गप्प बसतो ते पाहू.

टेक्सास विद्यापीठाची एक प्रसिद्ध खूण आहे. मधली आणि अनामिका अंगठ्यानं दाबायची, तर्जनी आणि करंगळी वर. झाली लांब शिंगांच्या बैलाची मुद्रा. १९५५ साली हार्ली क्लार्क या विद्यार्थ्यानं ती सामन्याआधीच्या सभेत चालू केली, आणि तेव्हापासून तिथली पोरं जगात जिथे जातील तिथे बोटांची शिंगं करून फोटो काढतात. भरतनाट्यम शिकणारी आपली मुलगी तिला जवळजवळ ‘सिंहमुख’ म्हणेल. आणि इटलीत हीच शिंगं एखाद्या माणसाकडे रोखली, तर अर्थ होतो, ‘तुझी बायको तुला फसवतेय.’ अमेरिकन विद्यार्थ्यांचं परदेशी शिक्षणासाठीचं अगदी लाडकं ठिकाण नेमकं इटलीच! फोटोत बोटं दिसतात, अर्थ दिसत नाही. तो त्या गल्लीत राहणाऱ्यांना विचारावा लागतो.

‘माणसं’ या गटात तर अवघडच होतं. बाजारात बसलेली आजी, कडेवर पोर घेतलेली बाई, धुळीत खेळणारी मुलं. विद्यार्थी त्या गावात चार महिने राहून परत आला, फोटो भिंतीवर लागला, बक्षीसही मिळालं. त्या आजीला विचारलं होतं का? म्हणून अनेक स्पर्धांच्या नियमांत एक ओळ असते: चेहरा ओळखू येत असेल, तर त्या माणसाची संमती हवी. ही ओळ वरवर कागदी वाटते, पण तिच्यामागे मोठा धडा आहे.

तो धडा सगळ्यात खट्याळपणे दिला नॉर्वेतल्या ‘साइह’ या विद्यार्थी आणि अध्यापकांच्या संघटनेनं. २०१२ साली त्यांनी एक विनोदी व्हिडिओ काढला. त्यात आफ्रिकेतले तरुण गाणं म्हणत थंडीनं कुडकुडणाऱ्या बिचाऱ्या नॉर्वेसाठी रेडिएटर गोळा करतात. जग हसलं, आणि हसता हसता चपापलं. एका बर्फाळ रस्त्यावरून अख्खा नॉर्वे दयनीय ठरवणं हास्यास्पद असेल, तर एका मळक्या फ्रॉकवरून अख्खा आफ्रिका खंड ठरवणं काय असेल? पुढे याच संघटनेनं परदेशी जाणाऱ्या तरुणांसाठी फोटो टाकण्याबद्दलची मार्गदर्शिकाही काढली. तिचं सार आपल्या आजीच्या भाषेत सांगायचं, तर ‘पोरी, स्वतःचा तसा फोटो लावलेला तुला चालेल का, ते आधी बघ.’

आता पुन्हा १८८५ च्या त्या फोटोकडे वळू. आजच्या स्पर्धेत कॅमेरा विद्यार्थ्याच्या हातात असतो आणि परका देश समोर. तेव्हा उलट होतं: देश कॅमेऱ्यामागे होता आणि परक्या या तिघी. त्यांच्या कपड्यांकडे कुतूहलानं पाहिलं गेलं असणार. तरी त्या अजब वस्तू झाल्या नाहीत, माणसं राहिल्या. याचं मोठं कारण म्हणजे फोटोखाली लिहिलेला मजकूर. नाव, गाव, देश. कुणीतरी एवढी तसदी घेतली म्हणून आज आपण त्यांना नावानं हाक मारू शकतो. नाहीतर ‘पौर्वात्य वेशातल्या तीन स्त्रिया, छायाचित्रकार अज्ञात’ एवढ्यावर विषय संपला असता. त्या नोंदींतही कच्चेपणा होताच. इस्लामबूलीचं नाव कुठे सबात, कुठे थबात, तर कुठे तबात असं सापडतं. घाईत लिहिलेल्या एका अक्षरामागे अभ्यासकांना पुढे किती धावावं लागतं, पाहा.

आनंदीबाई १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, पुण्यात वारल्या. ओकामी १८८९ मध्ये आणि इस्लामबूली १८९० मध्ये पदवी घेऊन मायदेशी परतल्या. आनंदीबाईंच्या अस्थी त्यांच्या मानलेल्या अमेरिकन मावशी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या गेल्या. त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवल्या. तिथेही दगडावर नाव कोरलेलं आहे.

स्पर्धेच्या अर्जात सगळ्यात कंटाळवाणा रकाना शेवटी असतो: फोटोची माहिती, पन्नासेक शब्दांत. बहुतेकजण तिथे ‘अविस्मरणीय क्षण’ असं खरडून मोकळे होतात. सावलीवरून अक्षांश काढता येतो, फायलीतून वेळ कळते, हिरव्या उजेडातून ऑक्सिजन ओळखता येतो. पण फोटोतल्या आजीचं नाव कोणत्याही यंत्रातून निघत नाही. ते विचारावं लागतं आणि लिहून ठेवावं लागतं.

तुमच्या घरातलं कुणी परदेशी शिकत असेल, तर आज रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर एवढं सांगा: फोटो काढ, भरपूर काढ, पण ज्यांच्यासोबत काढलास त्यांची नावं लिही, गाव लिही, तारीख घाल. आणि फोन ठेवल्यावर आपल्या कपाटातला जुना अल्बम काढून आपणही पेन्सिल हातात घ्या. त्यातली नावं सांगू शकणारी माणसं अजून घरात आहेत, तोवरच.